दिवा न हलता जळावा म्हणून

पालख्या शहरातून पुढे गेल्या. माउली दिवेघाटाकडे, तुकोबा लोणी काळभोरकडे. त्याच आठवड्यात या सदराकडे आलेली पत्रं नेहमीपेक्षा जड होती. कुणाची नोकरी गेलेली, कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं, कुणाकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस. बहुतेकांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच आहे : शांत व्हायला बसतो आणि उलट जास्तच गलबला होतो. पत्रं लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत. नावं मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळल्या आहेत, यजमानांचा धंदा बसला. रोज सकाळी ध्यानाला बसायचा प्रयत्न करते. डोळे मिटले की औषधांची यादी, मुलाची फी, डायपर संपले का, हेच डोक्यात. उठते तेव्हा चिडचिड वाढलेली असते. माझं काय चुकतंय? (सिंहगड रस्ता, वय ५२)

चुकतंय एवढंच, की तुम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली आहे. डोळे मिटून, काही न म्हणता, नुसतं बसणं हा सगळ्यांत अवघड प्रकार. ज्याला घरात कसलीच ददात नाही त्यालाही तो लवकर जमत नाही. आणि तो गलबला ध्यानामुळे झालेला नाही. रात्री सगळी निजानीज झाली की फ्रिजची घरघर ऐकू येते, तशातली गत आहे. घरघर दिवसभर असतेच.

तेव्हा तूर्त ध्यान हा शब्द बाजूला ठेवा आणि बारा मिनिटं मोकळी करा. वेळ घड्याळावर ठरवू नका, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. सकाळचा चहा झाला, भांडी विसळली, आता सासूबाईंचं अंग पुसायचं आहे, त्याच्या आधीची बारा मिनिटं. सहा वाजताचा नेम आजारी माणसाच्या घरात टिकत नाही. ‘चहानंतर’ हा नेम टिकतो.

बसायचं कसं, याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग पाठ धरली म्हणून सोडून देतात. जमिनीवर बसणार असाल तर चादरीची घडी करून तीनचार इंच उंची सीटखाली घ्या, नुसती मांडीखाली नको. गुडघे कमरेपेक्षा खाली यायला हवेत. गुडघे वर राहिले की कंबर मागे ढकलली जाते, पाठीला पोक येतो आणि सातव्या-आठव्या मिनिटाला सगळं लक्ष दुखण्याकडे जातं. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्ची घ्या, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली. खुर्चीत बसल्याने पुण्य कमी होत नाही.

पहिली तीन मिनिटं श्वास. चार अंक मोजत घ्या, सहा मोजत सोडा, दोन्ही नाकाने. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा, तीन मिनिटांत अठरा. मध्ये रोखून धरू नका, कुंभक या घडीला तुमच्यासाठी नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. सोडणं लांबवायचं ते यासाठी. यात एक गोष्ट हमखास बिघडते. ‘दीर्घ’ म्हणजे ‘पुष्कळ’ असं समजून छाती भरभरून श्वास घेतला जातो, मग बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर गेल्याची ती खूण. घाबरू नका. श्वास लहान करा, गती तीच ठेवा.

पुढची पाच मिनिटं एक माळ, मोठ्याने. ‘रामकृष्णहरी’ घ्या किंवा तुमच्या घरात चालत आलेलं कुठलंही नाम घ्या. एका मण्याला अडीच सेकंद धरले तर १०८ मण्यांना साडेचार मिनिटं लागतात. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही आणि मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, आला की ओलांडायचा नाही. मोठ्याने म्हणायचं कारण साधं आहे : बोलताना श्वास सोडणं आपोआप लांबतं, जिभेला काम मिळतं, कानाला काम मिळतं आणि मनाला उंडारायला जागा कमी उरते. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास न सांगता मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. आधी वैखरीने, म्हणजे स्पष्ट उच्चारून. दोनेक महिन्यांनी उपांशु, नुसते ओठ हलवून. मनातल्या मनातला जप सर्वांत शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, कारण मोठ्याने म्हणायची लाज वाटते.

माळांचा आकडा वाढवायच्या नादी लागू नका. घाईत ‘रामकृष्णहरी’चं ‘राकिष्णरी’ होतं आणि मणी नुसते सरकत राहतात. असं झालेलं कळलं की वेग कमी करायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं नाही.

उरलेली तीन-चार मिनिटं काहीच करायचं नाही. डोळे अर्धे उघडे, नजर समोर चारेक फुटांवर जमिनीवर. डायपरची आठवण आली तर येऊ द्या. हवं तर शेजारी कागद ठेवा, एक शब्द लिहा आणि परत बसा. झोप लागत असेल तर तो साधनेतला दोष नाही, रात्रीची जागरणं आहेत. त्या दिवशी बसू नका, पंधरा मिनिटं आडव्या व्हा.

आणखी एक. ‘कामातच देव बघ, जनाबाईने दळता दळता नाम घेतलं’ असं तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेलच. जनाबाई थोरच. पण हे वाक्य घरातल्या बाईला तिची बारा मिनिटं मिळू नयेत म्हणूनही बरंच वापरलं जातं. कामात नाम घ्याच, पण दार लावून घेतलेली बारा मिनिटं वेगळी मागा. तेवढा वेळ यजमान किंवा मुलगा सासूबाईंजवळ बसेल, हे स्पष्ट बोलून ठरवा.

प्रश्न : हिंजवडीतली नोकरी मार्चमध्ये गेली, गावी आईवडिलांना अजून सांगितलेलं नाही. रोज पहाटे तीनला जाग येते आणि मग हप्त्यांचा हिशेब सुरू. ध्यानाचं ॲप लावून पडतो, उपयोग होत नाही. एक ओळखीचे म्हणाले, हा ब्राह्ममुहूर्त आहे, उठून साधना कर. (वाकड, वय ३४)

तीन वाजता ब्राह्ममुहूर्त नसतो. तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. सध्या पुण्यात सहाच्या सुमारास उजाडतं, म्हणजे साधारण चार पंचवीस ते पाच बारा. शिवाय तो नऊला झोपणाऱ्या माणसासाठी आहे. तुमची झोप मोडते आहे, तिला साधनेचं नाव देऊ नका.

गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात होऊन जाते, पहाटेकडची झोप पातळ असते. मनात ओझं असलं की ती तिथेच फाटते. संध्याकाळी घेतलेलं मद्य झोप आणतं आणि उत्तररात्री तेच झोप मोडतं. कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाचची कॉफी रात्री दहाला अर्धी शिल्लक असते. दुपारी दोननंतर कॉफी बंद, चहासुद्धा कमी.

जाग आली तर घड्याळ बघायचं नाही. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवा आणि गजरासाठी सेलवरचं साधं घड्याळ घ्या. ॲप ज्या फोनमध्ये आहे त्यातच बँकेचे मेसेज आहेत, ही गंमत लक्षात घ्या. अंदाजाने वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठा, बाहेरच्या खोलीत मंद दिवा लावून खुर्चीत बसा आणि भ्रामरी करा : ओठ मिटलेले, आतून दात एकमेकांना न टेकलेले, जबडा सैल. नाकाने श्वास घ्यायचा आणि सोडताना घशातून खालच्या पट्टीत गुणगुणायचं. सात वेळा. कान बंद करायचे असतील तर कानाच्या तोंडाशी असलेली मऊ कूर्चा अंगठ्याने हलकेच दाबा, बोट आत घालू नका, आणि कान दुखत किंवा वाहत असेल तर हा भाग सोडून द्या. आवाज शेजारच्या खोलीत जाईल एवढा मोठा नको. पापण्या जड झाल्या की परत पलंगावर. किती वाजता झोप लागली याचा विचार न करता सकाळी ठरल्या वेळीच उठायचं.

हप्त्यांना वेळ द्या, पण संध्याकाळी सहा ते सहा-वीस. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे काळजी, उजवीकडे तिच्यासाठी उद्या करायचं एकच काम : बँकेत हप्ते पुढे ढकलण्याबद्दल विचारणं, जुन्या सहकाऱ्याला फोन. उजवीकडे काहीच लिहिता आलं नाही तर फुली मारा. आणि आईवडिलांना सांगा. चार महिने रोज फोनवर ‘ऑफिस ठीक आहे’ म्हणणं हेच निम्म्या जागरणाचं कारण दिसतं आहे. ॲप बदलून होणार नाही तेवढं या एका फोनने होईल.

हे तुमच्यासह सगळ्याच वाचकांसाठी : दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ दिवसभर मन खिन्न आहे, कशातच गोडी नाही, भूक-झोप बिघडली आहे, तर साधनेबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवा. जगू नये असं वाटत असेल तर आजच बोला. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. जप सुरू केला म्हणून चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं हा आम्हाला पत्रांतून सर्वांत जास्त दिसणारा धोका आहे.

प्रश्न : दोन महिने दिव्यावर त्राटक करतो आहे, म्हणजे ज्योतीकडे एकटक पाहतो. डोळे मिटल्यावर निळसर-हिरवा प्रकाशबिंदू दिसतो. गेल्या आठवड्यापासून अंधारात डाव्या डोळ्याच्या कडेला विजेसारखी लख्ख रेषाही दिसते. अंतर्ज्योत जागृत होण्याची ही सुरुवात समजावी का? (सदाशिव पेठ, वय ६७, निवृत्त)

उत्तराचा पहिला भाग आजच अमलात आणायचा आहे, म्हणून तो आधी. डोळ्याच्या कडेची विजेसारखी रेषा ही साधनेची खूण नव्हे. वयाबरोबर डोळ्यातला जेलसारखा द्रव आकसतो आणि आतल्या पडद्याला, रेटिनाला, ओढतो. पडदा ओढला गेला की मेंदूला तो प्रकाश वाटतो, विशेषतः अंधारात आणि नजर फिरवताना. बरेचदा हे निरुपद्रवी असतं, पण काही वेळा पडद्याला चीर पडते. वेळेत सापडली तर ती बाह्यरुग्ण विभागातच लेझरने सांधता येते. पडदा सुटला तर मात्र शस्त्रक्रिया, आणि दृष्टी पूर्ण परत येईलच असं नाही. जाड नंबरचा चष्मा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर धोका जास्त. नवे काळे ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही तरंगताना दिसलं, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं अंधारलं तर तासाचाही उशीर नको. आजच नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि ‘बाहुली मोठी करून पडदा तपासा’ असं स्पष्ट सांगा. बाहुली मोठी करायला घालतात त्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, म्हणून स्कूटर घरी ठेवा. रिक्षाने जा, कुणाला तरी बरोबर घ्या.

आता तो निळसर-हिरवा बिंदू. ज्योतीकडे एकटक पाहिलं की पडद्याचा तेवढाच भाग थकतो आणि डोळे मिटल्यावर उलट्या रंगाचा ठसा दिसत राहतो. ओळखायची सोपी युक्ती : मिटल्या डोळ्यांनी नजर डावीकडे न्या. बिंदूही डावीकडे सरकला तर तो डोळ्यातला आहे. त्राटकात त्याला काम आहे. तो विरत जाताना मन त्याच्यावर टेकवायचं, म्हणजे एकाग्रतेचा अभ्यास होतो. काम तेवढंच. तो उद्या मोठा दिसला म्हणून प्रगती झाली, असं नाही.

हठयोगात त्राटक धौती, नेती, कपालभाती यांच्या पंगतीत, षट्कर्मांत येतं. म्हणजे ती शुद्धीची क्रिया मानली आहे, साक्षात्काराची नव्हे. डोळे तपासून झाले आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तरच पुढे जा. ज्योत डोळ्यांच्या पातळीवर, दोन ते तीन फुटांवर. पंखा बंद. खोलीत मिट्ट काळोख नको. नजर ज्योतीच्या टोकावर, एक मिनिट. डोळे चुरचुरू लागले की मिटायचे, ‘पाणी आलंच पाहिजे’ असा हट्ट नको. मग दोन मिनिटं मिटून. आठवड्यातून तीनदा पुरे. काचबिंदू, पडद्याचे आजार, फिट्स, अर्धशिशी असणाऱ्यांनी आणि डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी हे करूच नये.

आतला प्रकाश म्हणजे काय, हा तुमचा खरा प्रश्न. पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्या पादातलं ३६वं सूत्र ज्योतिष्मती, म्हणजे प्रकाशमय, अवस्थेचं आहे. त्यात ‘विशोका’ हा शब्द आधी येतो : शोक ओसरलेली. आणि मध्ये ‘वा’ आहे, म्हणजे मन स्थिर करायच्या अनेक वाटांपैकी ही एक. त्याआधी, ३०व्या सूत्रात, साधनेत येणारे नऊ अडथळे सांगितले आहेत आणि त्यांत ‘भ्रांतिदर्शन’ आहे, नसलेलं दिसणं. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा दिली आहे. तिथे दिव्याचं कौतुक तो हलत नाही यासाठी आहे. किती लख्ख आहे याचा उल्लेखच नाही. म्हणून काय दिसलं याची नोंद ठेवू नका. बँकेतल्या रांगेत आवाज चढला का, सूनबाईंशी बोलताना शब्द तोलला गेला का, हे आठवड्यातून एकदा लिहा. मापच घ्यायचं तर ते तिथे मिळतं.

प्रश्न : मिस्टरांच्या आजारपणानंतर एका गुरूंकडे जाते. ते म्हणतात २१ हजारांची दीक्षा घेतली की घरावरचं सावट जाईल, आणि हे कुणाला सांगायचं नाही. घ्यावी का? (हडपसर)

नाही.

‘कुणाला सांगायचं नाही’ या अटीपाशीच पत्र थांबायला हवं होतं. वारकरी होताना तुळशीची माळ घालतात, तिचा खर्च किरकोळ असतो. त्यामागचे नेम मात्र जड आहेत : मांसाहार नाही, मद्य नाही, एकादशी, रोजचा हरिपाठ, वर्षाची वारी. परंपरेने माणसाकडून वागणूक मागितली आहे, रक्कम नाही. त्या गुरूंना तीन गोष्टी विचारा : पावती मिळेल का, मिस्टरांचे डॉक्टर सांगतील ती औषधं चालू राहतील ना, आणि घरातलं कुणी बरोबर बसलं तर चालेल का. एकाचंही उत्तर टाळलं गेलं तर उठून या. अघोरी उपाय, मारहाण, भूत उतरवणं किंवा डॉक्टरकडे जाऊ न देणं असं काही असेल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते. पैसे आधीच दिले असतील तर लाजेपोटी गप्प बसू नका, घरात सांगा.

प्रश्न : एमपीएससीत दुसऱ्यांदा पूर्व परीक्षा गेली. कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिकेत बसवत नाही, छातीत धडधडतं. विपश्यनेच्या दहा दिवसांना जाऊन सगळं एकदाच साफ करून यावं असं वाटतं. (नारायण पेठ, वय २६)

शिबिर चांगलं आहे. ‘एकदाच साफ’ ही अपेक्षा चुकीची आहे. दिनक्रम आधी नीट समजून घ्या : पहाटे चारला घंटा, दिवसभरात मिळून सुमारे दहा तास बैठक, पूर्ण मौन, फोन जमा, वही-पेनसुद्धा नाही. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा-फळं, नंतर काही नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना. दहाव्या दिवशी मौन सुटतं, अकराव्या दिवशी सकाळी घरी. शुल्क नाही, आणि दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. इगतपुरीचं धम्मगिरी मोठं केंद्र, १९७६ पासूनचं. पुण्यातून आळंदीजवळचं मरकळ जास्त सोयीचं.

पण ताज्या अपयशावर, धडधड चालू असताना दहा तास स्वतःपाशी बसणं सोपं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पळून जावंसं अनेकांना वाटतं, आणि मध्येच निघालात तर ‘हेही जमलं नाही’ ही तिसरी नापासी खात्यावर चढते. आधी धडधडीसाठी डॉक्टरांना दाखवून या. थायरॉइड, रक्त कमी असणं आणि अभ्यासिकेखालचे दिवसाचे सात कटिंग, तिन्हींनी धडधडतं. मग महिनाभर रोज दहा मिनिटं नाकाशी श्वास बघा, फक्त बघा, मोजू नका, बदलू नका. लक्ष गेलं की परत आणायचं. दहा मिनिटांत तीसदा परत आणावं लागलं तर तीसदा व्यायाम झाला. महिन्यातले वीस दिवस बसू शकलात तर अर्ज भरा. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. लपवलं तर शिकवणाऱ्यांना तुमची काळजी घेता येत नाही.

प्रश्न : पुण्यात शांत बसायला जागा उरली आहे का? (कर्वेनगर)

आहे, पण वेळ निवडावी लागते. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर : आठव्या शतकातलं, एका खडकात कोरलेलं, बाहेर गोल नंदीमंडप. रस्त्यावर हॉर्न वाजत असतात आणि पायऱ्या उतरून आत गेलं की दगडाचा गारवा लागतो. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपारच्या आधी जा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून लगेच बसू नका. दम खाली येईपर्यंत पाच मिनिटं उभं राहून शहर बघा. वेताळ टेकडीवर झाडी छान आहे, फक्त खिशात स्पीकर वाजवत फिरणाऱ्यांच्या वेळा टाळा. आळंदीला एकादशी सोडून जा. मंदिराच्या आवारात अजानवृक्षापाशी ज्ञानेश्वरी वाचत बसलेली माणसं असतात, त्यांच्याजवळ गप्प बसायला कुणाची परवानगी लागत नाही. एवढं सांगून झाल्यावर आमचं मत : महिन्यातून एकदा पाताळेश्वर गाठण्यापेक्षा रोज गॅलरीतली खुर्ची बरी.

प्रश्न : आई जाऊन चार महिने झाले. पूजेला बसवत नाही, देवाचा राग येतो. फक्त संध्याकाळी तिची समई लावते, तीही यंत्रासारखी. भाऊ म्हणतो, भाव नसेल तर ढोंग कशाला? (औंध, वय ४१)

भावाला सांगा, मराठी भक्तीत देवाशी भांडणं हे ढोंग नाही, ती जुनी रीत आहे. नामदेव विठ्ठलावर रुसतात, जनाबाई तर त्याला शिव्या घालते. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला, त्यानंतरच्या त्यांच्या वाणीत देवाला जाब विचारणं पुष्कळ आहे. या मंडळींनी राग आवरून मग देवासमोर बसायचं, असं केलं नाही. राग घेऊनच बसली.

तेव्हा पूजा, पोथी, स्तोत्रं सगळं तूर्त बाजूला. कुणी विचारलं तर ‘वर्षश्राद्धानंतर बघू’ म्हणा. समई मात्र ठेवा, आणि भाव आणायचा प्रयत्न न करता ती नीट लावा. हाताला नेमकं काम असलं की दुःखाला तेवढी टेकायला जागा मिळते.

नीट म्हणजे अशी. आठवड्यातून एकदा समई चिंचेच्या कोळाने घासा, पुसून पूर्ण कोरडी करा. तिळाचं तेल ताजं घाला. तळाशी राहिलेलं जुनं तेल चिकट होतं, ते वातीत चढत नाही. दोन वाती एकत्र पिळून एक करा, पूर्ण भिजू द्या आणि टोक तेलाबाहेर साधारण अर्धा सेंटीमीटर ठेवा. ज्योत उंच, नाचरी आणि धुरकट झाली तर वात फार बाहेर आहे : तेल जास्त ओढलं जातं, सगळं जळत नाही आणि उरतं त्याची काजळी होते. ज्योत मिणमिणती झाली तर वात आत बुडली आहे किंवा टोकाला काजळीची गाठ धरली आहे. ती गाठ पितळी चिमट्याने अलगद काढा. स्वच्छ ज्योत लगेच वर येते, हे रोज एकदा बघण्यासारखं आहे. या दिवसांत वाती दमट होतात आणि तडतडतात, त्यांना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि समईत पाण्याचा थेंब राहू देऊ नका. खिडकी उघडी असेल तर समई भिंतीच्या आडोशाला सरकवा.

लावल्यावर काही म्हणायचं नसेल तर म्हणू नका. पाच मिनिटं शेजारी बसा. रडू आलं तर येऊ द्या. आईशी बोलावंसं वाटलं तर बोला, देवाला मध्ये घ्यायलाच हवं असं नाही. एखाद्या दिवशी चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोनदा लावून भरपाई करू नका.

घरात एकट्या असाल आणि बाहेर जायचं असेल तर समई जळती ठेवून जाऊ नका. एक चमचा तेल किती वेळ पुरतं ते एकदा घड्याळ लावून पाहा. वातीच्या जाडीप्रमाणे ते बदलतं, आणि मग तेवढंच तेल घालत जा. मध्येच बंद करावी लागली तर फुंकर नको, वात धुमसत राहते आणि घरभर वास पसरतो. चिमट्याने वात हळूच मागे तेलात ओढा. धूर न होता दिवा शांत होतो.